हॅण्ड थेरपीत पुढे शिकायचंय, पण कोर्सच्या आधी हे वाच

तुझे प्रश्न तीन आहेत असं धरते. ओटीची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, डिग्री होऊन तीन वर्षं झाली, चाकणच्या पट्ट्यातल्या हॉस्पिटलमधे हाताचे पेशंट रोज येतात, तर आता शनिवार-रविवारचे सर्टिफिकेट कोर्स करावेत का, हा पहिला. सीएचटीची, म्हणजे सर्टिफाइड हॅण्ड थेरपिस्टच्या परीक्षेची, तयारी करावी का, हा दुसरा. आणि तिसरा तुझा तो पॉवर प्रेसवाला मुलगा, बोट चेंगरल्यावर दहा आठवड्यांनी तुझ्याकडे आला, अनामिकेचा मधला सांधा पंचेचाळीस अंशांवर अडकलाय आणि तीन आठवडे सगळं करून सरळ होत नाहीये. त्या मुलाकडे शेवटी येते, कारण पहिल्या दोन प्रश्नांचं खरं उत्तर मला त्याच्या बोटातच दिसतंय.

मी बावीस वर्षं हातच बघतेय. कारखान्यातले प्रेसचे, गावाकडून येणारे कडबा कुट्टीचे आणि मळणी यंत्राचे, उन्हाळ्यात रसवंतीच्या चरकात सापडलेले, संक्रांतीला मांज्याने कापलेले, आणि पडल्यावर मनगट मोडलेल्या आज्या तर बाराही महिने. इतक्या वर्षांनी माझं मत असं झालंय की आपल्या कामात ॲडव्हान्स्ड म्हणजे नवीन टेक्निक नव्हे. जखम आज भरण्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे आणि आज तिला किती ताण झेपेल, हे समोरच्या हातावरून ओळखता येणं म्हणजे ॲडव्हान्स्ड. बाकी सगळं त्याच्यानंतर येतं.

हे मी कसं शिकले ते सांगते, कारण ते अजून विसरलेले नाही. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी एक पेशंट होता, काचेने मधलं बोट कापलेलं, झोन दोन, दोन्ही फ्लेक्सर टेंडन, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, शिवलेले. झोन दोन म्हणजे तळहाताच्या वरच्या रेषेपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा भाग, तिथे दोन टेंडन एकाच अरुंद बोगद्यातून सरकतात, त्यामुळे शिवलेलं टेंडन बोगद्याला चिकटायची भीती सगळ्यात जास्त, म्हणून तर हॅण्ड सर्जन बनेलने त्याला नो मॅन्स लॅण्ड म्हटलं होतं. पेशंट फार छान चालला होता. चौथ्या आठवड्यातच मूठ जवळजवळ पूर्ण वळत होती, मी खुश, तो खुश. माझ्याकडे छापील प्रोटोकॉल होता, त्यात पाचव्या आठवड्यात स्प्लिंट कमी करा, सहाव्यात हलकं काम सुरू करा असं लिहिलेलं, ते मी अक्षरशः पाळलं. पाच आठवडे दोन दिवस झाले असताना त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि त्याच्याच शब्दांत 'आत टक् झालं'. आला तेव्हा बोट सरळ लोंबकळत होतं.

माझी चूक काय झाली ते कळायला मला बरेच दिवस लागले. टेंडन इतकं सुरेख सरकत होतं म्हणजे आजूबाजूला चिकटलेलं फारच कमी होतं, म्हणजेच त्याला धरून ठेवणारा व्रणही कमी, सगळा भार टाक्यांवर आणि कोवळ्या जोडावर. अशा हाताला हळू न्यायचं असतं, स्प्लिंट जास्त दिवस ठेवायचं असतं. उलट ज्याचं बोट तुम्ही वाकवलं तर वाकतं पण त्याला स्वतःला वाकवता येत नाही, त्या पॅसिव्ह आणि ॲक्टिव्हमधला फरक मोठा आहे आणि आठवड्यागणिक कमी होत नाहीये, त्याचं टेंडन चिकटलंय, त्याला पुढच्या पायरीवर लवकर न्यायला हवं. वरवर बघता हे उलटंच वाटतं, की चांगल्याला थांबवायचं आणि अडकलेल्याला पुढे ढकलायचं, पण टेंडनचं गणित असंच आहे. कॅलेंडर दोघांसाठी एकच असतं, टिशू नसतं. आता मी दर भेटीला पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह दोन्ही मोजते, फरक कागदावर मांडते आणि मगच ठरवते की आज काय सोडायचं आणि काय नाही.

म्हणून कोर्सबद्दल माझं सांगणं असं. कोर्स जरूर कर, पण बघून कर की तिथे खरे पेशंट बसतात का, आणि ज्यांचं ऑपरेशन शिकवणाऱ्यानेच किंवा त्याच्या टीमने केलंय असे पेशंट असतात का. दोन दिवसांत पन्नास जणांच्या हॉलमधे स्लाइडवर सगळे प्रोटोकॉल दाखवून सर्टिफिकेट देणारे कोर्स मी केलेत. त्याने शब्दसंग्रह वाढतो, क्लाइनर्टचं रबर बँड काय, ड्युरनचं पॅसिव्ह काय, मँचेस्टरचं शॉर्ट स्प्लिंट काय हे कळतं, तेही लागतंच. पण समोर सुजलेला हात आला की यातलं काय निवडायचं ते त्या हॉलमधे शिकवता येत नाही. त्यापेक्षा सुट्टी काढून दोन-चार आठवडे एखाद्या मोठ्या हॅण्ड युनिटमधे नुसतं उभं राहून बघायची परवानगी मिळाली तर ती घे. कोइम्बतूरचं गंगा हॉस्पिटल आहे, वेल्लोरचं सीएमसी आहे, तिथे दिवसाला जितके हात बघशील तितके तुझ्याकडे महिन्यात येत नसतील. आणि वेल्लोरचं महत्त्व आपल्यासाठी वेगळंच आहे. पॉल ब्रँड १९४६ साली तिथे आले आणि कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर टेंडन ट्रान्सफर करायला लागले, आणि ऑपरेशनइतकंच ऑपरेशनच्या आधी-नंतरच्या थेरपीला महत्त्व दिलं, कारण सर्जनने टेंडनची जागा बदलली तरी मेंदूला तो नवीन स्नायू वापरायला कुणीतरी शिकवावं लागतं. वाकलेली बोटं प्लास्टरच्या छोट्या छोट्या नळ्यांनी हळूहळू सरळ करायची पद्धतही तिथे खूप वापरली गेली. साधं पीओपी. ही गोष्ट लक्षात ठेव, खाली लागणार आहे.

आपल्या इथलाही वारसा लहान नाही. कमला निंबकरांनी १९५० साली केईएममधे ओटीचं शिक्षण सुरू केलं, देशातलं पहिलं. केईएम, नायर, सायन, नागपूर मेडिकल, हाजी अली, कुठेही तुझी ओळख असेल तर ओपीडीच्या दिवशी जाऊन बसायला विचार. सरकारी ओपीडीत जे उशिरा आलेले, बिघडलेले, दोनदा ऑपरेशन झालेले हात दिसतात ते प्रायव्हेटमधे दिसत नाहीत, आणि बिघडलेला हातच जास्त शिकवतो.

सीएचटीबद्दल. ही अमेरिकेतली परीक्षा आहे, हॅण्ड थेरपी सर्टिफिकेशन कमिशनची, पहिली परीक्षा १९९१ साली झाली. ओटी आणि फिजिओ दोघांनाही देता येते, त्यामुळे तुझ्या फिजिओ मैत्रिणीनेही काळजी करू नये. किमान ३ वर्षांचा अनुभव आणि हॅण्ड थेरपीतलं ४,००० तासांचं थेट काम लागतं, आणि पास झाल्यावरही दर ५ वर्षांनी ते नूतनीकरण करावं लागतं. हिशोब कर, तुझे रोजचे तीन तास खऱ्या अर्थाने हाताच्या पेशंटवर जात असतील आणि वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं तर वर्षाला नऊशे तास, म्हणजे साडेचार वर्षं. बाहेर जायचा विचार असेल तर याचा उपयोग आहे, आपल्याकडून गेलेल्या पुष्कळ जणींनी दिली आहे. इथेच राहायचं असेल तर पेशंटला आणि बहुतेक सर्जनना ती अक्षरं माहीत नसतात. पण त्या परीक्षेचा अभ्यासक्रम घरी लावून वाचायला काहीच हरकत नाही, ॲनाटॉमी इतकी बारीक विचारतात की आपली पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी पुन्हा नव्याने करावी लागते, आणि ती करच. इन्ट्रिन्सिक स्नायू, एक्स्टेन्सर हूड, लॅटरल बॅन्ड हे डोळे मिटून काढता आलं पाहिजे. तास मात्र आजपासून लिहून ठेव, परीक्षा दे किंवा नको देऊ. तारीख, निदान, काय केलं, काय मोजलं.

आता खरं ट्रेनिंग कुठे होतं ते सांगते. ते ऑपरेशन थिएटरच्या दाराशी होतं. तुझ्या हॉस्पिटलच्या सर्जनना जाऊन विनंती कर की महिन्यातून दोनदा टेंडनच्या केसला मला उभं राहू द्या. सुरुवातीला नाही म्हणतील, पुन्हा विचार. टेंडन शिवताना चार धागे गेलेत की दोनच, कडा नीट जुळल्या की फाटक्या होत्या, पुली, म्हणजे टेंडनला हाडाशी धरणारी पट्टी, थोडी उघडावी लागली का, शेजारची नस, म्हणजे नर्व्ह, शिवली का, हे एकदा डोळ्याने बघितलं की पुढचे बारा आठवडे तुझा हात त्या हातावर वेगळा चालतो. दोन धाग्यांच्या जोडावर लवकर ॲक्टिव्ह हालचाल सुरू करणं धोक्याचं, चार किंवा जास्त धागे असतील तर तिसऱ्या-पाचव्या दिवसापासून सुरू करता येते, आणि हे डिस्चार्ज कार्डावर शंभरातल्या नव्वद वेळा लिहिलेलं नसतं. फोन करायचा. रागावले तरी करायचा. आता तर कॅनडाच्या डॉन लालोंड यांच्यामुळे हाताची खूप ऑपरेशन्स पूर्ण भूल न देता, नुसत्या लोकल इंजेक्शनवर, टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, न बांधता होतात, पेशंट जागा असतो आणि टेबलावरच बोट वाकवून दाखवतो, जोडात फट पडतेय का हे सर्जनला तिथेच कळतं. अशा वेळी थेरपिस्ट तिथे असेल तर किती वाकवलं तेव्हा जोड शाबूत होता हे तिने स्वतः बघितलेलं असतं. यापेक्षा मोठं ट्रेनिंग मला माहीत नाही.

दुसरी जागा म्हणजे गरम पाण्याचं पॅन. स्प्लिंट बनवणं आपल्याकडे लोक कारागिरी समजून टेक्निशियनवर सोडतात आणि तिथेच आपण हातातून हात घालवतो. स्वतः बनव. स्प्लिंटची प्लास्टिक शीट महाग आहे हे मला माहीत आहे, म्हणून उरलेले तुकडे फेकू नकोस, बोटाची स्प्लिंट त्यातूनच होतात. पाणी साधारण ६५ ते ७५ अंश, शीट काढली की टॉवेलवर टिपायची, आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायची आणि मगच पेशंटला, विशेषतः नस कापलेली असेल तर, कारण त्याला चटका कळणारच नाही. मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाच्या उंचवट्यावर पॅडिंग आधी चिकटव, मग त्याच्यावरून मोल्ड कर. आपल्याकडे सगळ्या मोल्ड झाल्यावर आतून पॅड लावतात, त्याने दाब वाढतो, कमी होत नाही. तळहाताच्या वरच्या रेषेच्या अलीकडे कड थांबली नाही तर बोटं मुळापासून वाकणार नाहीत. स्प्लिंट घालून अर्धा तास बसवून ठेव, काढ, लाल डाग बघ, वीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्त कर, पेशंटला सवय होईल म्हणून पाठवू नकोस. सवय होत नाही, फोड होतो.

आणि एक गोष्ट जी कोर्समधे सांगतात पण लोक ऐकत नाहीत. दुखवून बोट वाकवू नका. आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की पेशंट ओरडल्याशिवाय फरक पडत नाही, पेशंटही तसंच म्हणतात, 'मॅडम तुम्ही करा जोरात, मी सहन करतो'. मनगट मोडून प्लास्टर काढलेली मावशी असते, हात सुजलेला, चकचकीत, गरम, घामेजलेला, नुसता हवा लागली तरी दुखतंय असं म्हणते, तिला कुणीतरी चोळून, ओढून, वाकवून आणलेलं असतं. हा सीआरपीएस, म्हणजे दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि लांबत जाणारं दुखणं, असू शकतो, आणि त्यात जोर लावणं म्हणजे आगीत तेल. तिथे हात उंच ठेवणं, दुखणार नाही इतक्याच मर्यादेत तिच्या स्वतःच्या हालचाली, हळूहळू वेगवेगळे स्पर्श, आरशाची थेरपी आणि लवकरात लवकर डॉक्टरांना कळवणं. आरशाचं सामान म्हणजे एक उभा आरसा, चांगला हात आरशासमोर, दुखरा मागे, ती बघते तेव्हा तिला दोन्ही हात नीट हलताना दिसतात. पहिल्यांदा बऱ्याच जणी गप्प होतात. एक बाई आरशाकडे बघत मला म्हणाल्या, 'हा माझाच आहे ना?' त्या दिवशी पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी तो हात स्वतःहून मांडीवर ठेवला, तोवर दुसऱ्याचं सामान सांभाळावं तसा उचलून धरायच्या. ही लक्षणं पहिल्या दोन आठवड्यांत ओळखता येणं ही मी माझ्या हाताखालच्या मुलींची सगळ्यात आधी घेते ती परीक्षा आहे.

मोजणं. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, बोटांचा वेगळा घे, मोठा मनगटाचा बोटावर लावून काढलेला आकडा खोटा असतो. ग्रिप मोजताना कोपर नव्वद अंशांत, डायनॅमोमीटरचं हॅण्डल दुसऱ्या खाचेत, तीनदा मोजून सरासरी. स्पर्शासाठी मोनोफिलामेंट, म्हणजे त्वचेवर टेकवून बघायचे वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे धागे, आकडा मोठा तितका धागा जाड, २.८३ चा धागा कळला तर नॉर्मल, ४.३१ च्या पुढे गेलं की रक्षण करणारा स्पर्श गेलाय, म्हणजे त्या बाईला तव्याचा चटका वेळेवर कळणार नाही, तिला चिमटा वापरायला आणि भांड्याला हात लावताना डोळ्याने बघायला आजच शिकवायचं, नस वाढायची वाट बघत बसायचं नाही, ती दिवसाला साधारण एक मिलिमीटरच वाढते. आणि या सगळ्याच्या शेजारी एक ओळ पेशंटच्या शब्दांत लिही. भाकरी थापता येते का. पिळा मारता येतो का. ब्लाउजचे हुक लागतात का. गाडीचा क्लच दबतो का. पंधरा अंश वाढले हे मला कळतं, तिला भाकरी कळते, आणि कधीकधी पंधरा अंश वाढूनही भाकरी होत नाही, तेव्हा आपण चुकीचा सांधा धरून बसलेलो असतो.

आता तुझा पॉवर प्रेसवाला. तू लिहिलंयस की शेक, अल्ट्रासाउंड, स्ट्रेचिंग, रात्रीचं स्प्लिंट, सगळं केलं. पण काय अडवतंय ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मला वाटतं ते तपासलंच नाहीये. उद्या तो आला की एवढंच कर. मनगट वाकवून ठेव आणि मधला सांधा पॅसिव्हली किती सरळ होतो ते मोज. मग मनगट मागे नेऊन पुन्हा मोज. मनगट वाकवल्यावर बोट जास्त सरळ झालं आणि मागे नेल्यावर कमी झालं तर फ्लेक्सर आखडलेत किंवा वर कुठेतरी चिकटलेत, सांध्याला दोष देऊ नकोस. दोन्ही वेळा आकडा तोच, बोटाच्या मुळाचा सांधा वाकवून-सरळ करूनही तोच, तर सांधाच आखडलाय, म्हणजे सांध्याच्या तळहाताकडची व्होलर प्लेट आणि बाजूचे लिगामेंट. एक्सरे पुन्हा बघ, सांध्याच्या आत तुकडा राहिलाय का, पृष्ठभाग बसलाय का. मग बोटाने शेवटपर्यंत नेऊन दाब, शेवटी रबरासारखं थोडं देतं का दगडासारखं अडतं ते बघ. दगडासारखं असेल आणि एक्सरेत सांधा बिघडलेला असेल तर आपण थांबायचं आणि सर्जनकडे पाठवायचं, आणखी महिनाभर पेशंटचा रोज बुडवायचा नाही.

चेंगरलेल्या बोटात बोटाच्या पाठीवरची, मधला सांधा सरळ करणारी सेंट्रल स्लिप तुटलेली राहून गेलेली असू शकते, तेही बघ. सरळ करता येत नाही याचं कारण तिकडेही असतं, आणि अशा बोटाचं टोक पुढे ताठ होऊन मागे झुकायला लागतं, पेशंट सांगणार नाही, तुला शोधावं लागेल.

सांधा रबरासारखा देत असेल तर पीओपी काढ. दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या काप, बोटावर पातळ कापसाचा एकच थर, सांध्याच्या पाठीवर जरा जास्त, पट्टी भिजवून सैल गुंडाळ, ओढून नाही. मग जिथवर तो न दुखता सरळ होतो तिथवर नेऊन धर, जोर लावून चार अंश जास्त मिळवायच्या मागे लागू नकोस, प्लास्टर सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी नाही तर तळव्याने आधार दे म्हणजे खड्डे पडत नाहीत. टोक उघडं ठेव, नख गुलाबी आहे का बघ, मुंग्या आल्या किंवा काळं-निळं वाटलं तर घरी पाण्यात भिजवून लगेच काढायला सांग आणि ते त्याच्या घरच्यांसमोर सांग. फ्लॉवर्स आणि लास्टायो यांनी १९९४ साली हेच बघितलं होतं, मधला सांधा तीन दिवस प्लास्टरमधे ठेवला तर सरासरी ३ अंश मिळाले आणि सहा दिवस ठेवला तर ५.३. म्हणजे किती जोरात ओढलं याला महत्त्व नाही, शेवटच्या टोकाला किती वेळ राहिला याला आहे. तू रोज वीस मिनिटं ओढतेस, उरलेले जवळजवळ पावणेचोवीस तास बोट पुन्हा वाकून बसतं, रात्रीचं स्प्लिंट तो घालतो की नाही ते तुला माहीत नाही. प्लास्टर तो काढू शकत नाही.

काढलंस की मोज, वाकवणं किती राहिलंय तेही मोज, कारण सरळ करताना मूठ घालवलीस तर त्याला प्रेसवर परत घेणार नाहीत. त्या दिवशी अर्धा-एक तास मोकळं ठेवून वाकवायचे व्यायाम करून घे आणि मग नवीन प्लास्टर. लागोपाठ दोन प्लास्टरमधे एकही अंश वाढला नाही तर बंद कर आणि सर्जनना सगळे आकडे तारखांसकट दाखव. पहिलं प्लास्टर आधी स्वतःच्या बोटावर, मैत्रिणीकडून करून घे आणि एक रात्र त्याच्यासकट झोप, कुठे रुततं ते कळेल. उद्याचे मनगट वाकवून आणि मागे नेऊन घेतलेले दोन आकडे इथेच लिही, मग पुढचं बोलू.